हातून पडलेला ड्रोन

शिवडीच्या गोदामांत दौलत परबांनी एकतीस वर्षं क्रेन चालवली. त्यांच्या हातून कधी एक पेटी पडली नाही. आणि आता काळाचौकीतल्या चाळीच्या गच्चीवर पाव किलोचा ड्रोन पडला. वर गेला, भोवंडल्यासारखा गोल फिरला आणि कठड्यावर आदळला.

मुलगी मेघना अँटॉप हिलहून आली. तुकडे बघून म्हणाली, आई गेल्यापासून तुमचे हात कापतायत, आता एकटे राहू नका, खोली बंद करा आणि आमच्याकडे चला. शेजारच्या कमलाबाईंनी री ओढली, "काठी धरायच्या वयात विमानं कसली उडवता, भावोजी?" तेव्हापासून दौलत चहाचा कप उचलण्याआधी बोटांकडे बघू लागले.

बायको सुभद्राचा संसार होता ती खोली त्यांना सोडायची नव्हती. म्हणून ड्रोन पिशवीत घालून ते गिरगावात ड्रोन दुरुस्त करणाऱ्या हितेंद्रच्या दुकानात गेले. दुरुस्तीचं नंतर बघू, म्हणाले, आधी पडला कशानं ते सांग.

हितेंद्रने तो लॅपटॉपला जोडला. रिमोट किती आणि कुठे दाबला, सगळं आत नोंदलेलं असतं. "काका, तुमचा हात माझ्यापेक्षा स्टेडी आहे," तो म्हणाला. "हाताची चूकच नाही."

दौलतना वाटलं, तिथूनच मेघनाला फोन लावावा.

पण हितेंद्रचं बघणं संपलं नव्हतं. आतलं होकायंत्र पहिल्या सेकंदापासून चुकत होतं. उडवताना ठेवला कुठे होता, त्याने विचारलं.

गच्चीवर खडी पसरलेली, म्हणून पाण्याच्या टाकीच्या झाकणावर.

"लोखंडी झाकण? मग संपलंच. लोखंडाजवळ त्याला दिशा कळत नाही. आधी कधी पडला नाही तो?"

"आधी मिसेस हातावर धरायची."

बांगड्या वर सारून, डोळे मिटून, तोंड दुसरीकडे करून धरायची. सोडा आता, म्हणायची.

"मग सोपं आहे," हितेंद्र म्हणाला. "घरात दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा."

दौलत पिशवी तिथेच ठेवून रस्त्यावर आले. हात कापत असता तर औषध घेतलं असतं. पण डोळ्यांत थेंब घालायचे, चादरीची घडी करायची, माळ्यावरून पिंप उतरवायचं, घरातलं किती काम दोघांचं होतं, ते आज एकेक आठवू लागलं. आणखी कुठल्या कामात तिचा हात होता, ते काहीतरी पडल्यावरच कळणार होतं.

फूटपाथवर उभं राहून त्यांनी मेघनाला फोन लावला.

"काय म्हणाला तो, बाबा?"

"तू म्हणालीस तेच," दौलत म्हणाले. "हातच कापत होता. रविवारी ये, खोली आवरू."