झोपेचं गाऱ्हाणं

मुलुंडच्या त्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांवर झोप होती, फक्त दीड वर्षांच्या मीराला सोडून.

तिची आई नमिता सांताक्रूझच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. पाळी सकाळची आणि लेक मध्यरात्रीपर्यंत टकटकीत जागी. मागच्या आठवड्यात नमिता मशीनला टेकून चक्क घोरली. मॅडमनी गोड आवाजात सांगितलं, की पुन्हा असं दिसलं तर दुसरी मुलगी बघावी लागेल. मॅडमचा गोड आवाज सगळी लॅब ओळखून होती. नमिताला ही नोकरी हवी होती. पगारासाठी तर हवी होतीच, पण तिथे तिला कुणी मीराची आई म्हणत नसे, म्हणूनही हवी होती.

म्हणून घरात शिस्त आली. आधी गुरगुट्या भात, मग कोमट पाण्याने अंग पुसणं, मग मंद दिवा आणि थोपटणं. टीव्ही बंद. नवऱ्याने, म्हणजे प्रीतमने, मॅच मोबाइलवर बिनआवाजाची पाहिली आणि संन्यास घेतल्यासारखा चेहरा करून घरभर वावरला.

मीरा पेंगायची. डोळे मिटत आले की नेमके तेव्हाच बाहेरच्या खोलीत नमिताचे सासरे गुणाजी, घरातले अण्णा, देवापुढे उभे राहायचे.

अण्णा सावंतवाडीकडचे. तिकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी दर मागण्याला होकार भरायचा. नातीच्या झोपेसाठीही अण्णा गाऱ्हाणं घालत, तेही तिची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात. पण माणसाची उमेदीची वर्षं कापडगिरणीच्या मागांच्या खडखडाटात गेलेली. त्यांचं कुजबुजणं खालच्या वॉचमनला ऐकू जायचं.

“बा देवा रवळनाथा, ह्या लेकराक गाढ झोप लागांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” मोरीतून प्रीतम गरजायचा, तोंडात ब्रश असला तरी. लहानपणापासूनची सवय, त्याचा त्यालाही पत्ता नसायचा.

मीरा टुणकन उठून बसायची. “वय!” म्हणून तीही होकार भरायची आणि मग तिचा दिवस सुरू व्हायचा.

एका संध्याकाळी नमिताचा पारा चढला. “अण्णा, देवाकडे झोप मागता आणि मागता मागता तिलाच उठवता. पुरे करा ना आता ते.”

अण्णा चपला घालून खाली बाकावर जाऊन बसले. नमिताला वाईट वाटलं, पण लॅबमधल्या मॅडम आठवल्या आणि तिने मन घट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी घरात चिडीचूप. भात झाला, दिवा मंद झाला, थोपटून थोपटून नमिताचा हात भरून आला. मीरा टक्क डोळ्यांनी दाराकडे बघत पडली होती.

“वय?” तिने आईला विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

नमिता उठून बाहेर आली. “अण्णा, आत या. घाला गाऱ्हाणं.”

“नको गो. उठात ती.”

“झोपलीय कुठे उठायला? फक्त बसून घाला, आणि चांगलं लांबलचक घाला. प्रीतम, तू तोंड उघडलंस ना, तर बघ.”

अण्णा गादीशेजारी मांडी घालून बसले. त्यांनी गावच्या फणसासाठी मागितलं, वॉचमनच्या गुडघ्यासाठी मागितलं, इमारतीच्या लिफ्टसाठीही मागितलं. दर मागण्याला मीरा “वय” म्हणत होती. मग नुसतंच “व” उरलं. मग ओठ तेवढे हलले.

अण्णा थांबले नाहीत. “बा देवा, माझी सून दिसभर राबता, रातभर जागता. तिची नोकरी रवांदे. माझ्या बोलण्यान तिका तरास झालो असात, तर तो दोष माझ्या पदरात घाल रे म्हाराजा.”

होकार द्यायला मीरा जागी नव्हती. प्रीतम बायकोच्या धाकाने दारात ओठ आवळून उभा होता. अण्णा मान खाली घालून वाट बघत राहिले, कारण होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. नमिता नाशिकची, तिने आजवर हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली, आणि जरा मोठ्यानेच म्हणाली.

मीरा हललीसुद्धा नाही.