वर निरगाठ, खाली सुरगाठ

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. दोरी नव्हे, दोर. दोरीवर लोक ओले टॉवेल वाळत घालतात. माझ्यावर आजवर कुणी टॉवेल टाकलेला नाही, आणि टाकला असता तर मी तो मुद्दाम चिखलात पाडला असता. माझ्या अंगात पीळ आहे आणि तो स्वभावातही उतरला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. दोर वळण्याचा धंदा नवरा-बायको मिळून करत. बायको एका टोकाला बसून चाक फिरवायची. नवरा कमरेभोवती ताग गुंडाळून, बोटांतून तंतू सोडत सोडत उलटा चालत जायचा. वाटेत मांजर आडवं आलं की बायको इकडून ओरडून त्याला सावध करायची. असे माझे तीन पेड तयार झाले आणि मग तिन्हींना मिळून पीळ दिला गेला. काम झाल्यावर नवऱ्याने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि हा दोर आपल्या नातवंडांनाही पुरेल असं तो म्हणाला. बायकोने चाक पुसता पुसता सांगितलं की आधी लेकरू तर होऊ द्या. मला मात्र त्याचं म्हणणं पटलं होतं.

तिथून मी थेट एका चर्चच्या मनोऱ्यात गेलो. वर घंटा होती, खाली घंटावाले आजोबा होते आणि मधे मी. आजोबांनी माझ्या खालच्या टोकाला जुन्या सतरंजीचा तुकडा शिवला, म्हणजे तळहाताला फोड येऊ नयेत. रविवारी सकाळी ते टोपी काढून खिशात ठेवत, तळहात एकमेकांवर चोळत आणि मला खाली ओढत. वर घंटा बोलायची आणि खाली गल्लीत खिडक्या उघडायच्या. लग्नाला मी घंटा भरभर वाजवली, कुणी गेलं तर सावकाश वाजवली. लोक म्हणत, काय गोड घंटा आहे! दोराचं नाव कुणी काढत नसे. पण आजोबा जाताना माझ्यावरून हात फिरवून जात, तेवढ्यावर मी खूश होतो.

पुढे आजोबांचे गुडघे दुखायला लागले आणि घंटेला विजेची मोटार बसली. भिंतीवर एक बटण आलं. मोटार बसवणाऱ्याने मला वरून सोडलं आणि चर्चमागच्या हॉलच्या अडगळीत भिरकावलं. तिथे माझी कुणी साधी विचारपूसही केली नाही. एकदा मोडक्या कपाटाचं दार बांधायला मला वापरलं. एकदा एका मांजरीने माझ्या वेटोळ्यात पिल्लं घातली, तेवढाच काय तो मान. रविवारी वर घंटा वाजायची आणि मी खाली धुळीत पडून ऐकायचो. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

माझे दिवस पालटले ते एका कंपाउंडरमुळे. दवाखान्यात औषधं देणारा आणि जखमा बांधणारा हा माणूस याच चर्चचा. प्राथमिक शाळेतल्या मुलग्यांसाठी त्याने दर शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये क्लब सुरू केला. मुलं त्याला कंपाउंडरदादा म्हणत. आधी प्रार्थना, मग बायबलातलं एक वचन पाठ, मग खेळ, मग बिस्किटं. बिस्किटांआधी मुलांचं वचन अचानक पाठ व्हायचं, हे मी स्वतः पाहिलं आहे. रस्सीखेच खेळायला काहीतरी हवं म्हणून तो अडगळीत शिरला आणि मी त्याच्या हाती लागलो. त्याने मला झटकलं, उन्हात टाकलं, आणि सतरंजीचा तुकडा सुटत आला होता तो जखम शिवावी तसा नीट शिवला.

गाठींची प्रथाही त्यानेच पाडली. गाठी दोन जातींच्या असतात. निरगाठ म्हणजे बसली की बसली, नखं मोडली तरी सुटत नाही. सुरगाठ म्हणजे ताणली तर पक्की, पण मोकळं टोक ओढलं की एका हिसक्यात सुटणारी. दर शुक्रवारी हॉलमध्ये आल्यावर प्रत्येक मुलगा आपली रंगीत नाडी माझ्यावर सुरगाठीने बांधायचा आणि घरी जाताना शेजाऱ्याची नाडी सोडायचा. नव्या मुलाची परीक्षाही हीच. त्याने बांधलेली नाडी सगळ्यांनी मिळून ओढायची, तेव्हा ती टिकली पाहिजे. मग क्लबातल्या सर्वांत लहान मुलाने एका हिसक्यात ती सोडायची, तेव्हा ती सुटली पाहिजे. हे जमलं की गळ्यात पिवळा रुमाल आणि मुलगा क्लबचा. कंपाउंडरदादा म्हणायचा की बांधणाऱ्याने सोडणाऱ्याचा विचार आधी करावा. रोज दुखऱ्या हातापायांवरच्या पट्ट्या सोडणारा माणूस तो, त्याला हे सुचणारच.

एका शुक्रवारी एक मुलगा आला. दंड दाखवत आला, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं नाव पैलवान पडलं, आणि ते त्याला आवडलंसुद्धा. रस्सीखेच सुरू झाली तेव्हा त्याने माझं टोक असं धरलं की मला घंटावाल्या आजोबांची आठवण झाली. वचन त्याने एका दमात पाठ केलं. सगळ्यांना वाटलं, हा आजच रुमाल घेऊन जाणार. मग त्याने माझ्यावर निळी नाडी बांधली. मुलांनी ओढली, ती जागची हलली नाही. आता सर्वांत लहान मुलगा पुढे आला. त्याला सगळे पिटुकला म्हणत. त्याने ओढून पाहिलं, नखांनी उकरून पाहिलं, शेवटी दातसुद्धा लावले. नख दुखावलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पक्की निरगाठ होती. कंपाउंडरदादाला दाभण आणून ती सोडवावी लागली.

दादाने त्याला सुरगाठ दाखवली. पैलवानाने हात मागे घेतले.

"ही माझ्या बाबांची गाठ आहे," तो म्हणाला. "मी दुसरी मारणार नाही."

त्याचे बाबा ट्रक चालवत. ते महिन्यातून जेमतेम एकदा घरी येत. मालावरची ताडपत्री ते बांधत तेव्हा पैलवान शेजारी उभा राहून बघायचा, आणि बाबांनी हाताला धरून त्याला शिकवलेली ती एकच गोष्ट होती. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला आणि पुन्हा निरगाठच मारली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. मुलं समजावून थकली. दादाने त्याला कधी घालवून दिलं नाही आणि बिस्किटंही कमी दिली नाहीत. पण रुमालाचं नाव काढलं की दादा नकारार्थी मान हलवायचा. मी पडलो पीळदार. मला त्या पोराचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं.

इकडे चर्चचा वाढदिवस जवळ आला. त्या रविवारी क्लबची मुलं पिवळे रुमाल घालून सगळ्या मंडळींपुढे रांगेने चालत जाणार होती. पैलवान फोनवर बाबांना सांगून बसला होता की मीही त्या रांगेत असेन. बाबांनी तो रविवार मोकळा ठेवला होता. आता रुमालाचा पत्ता नव्हता, आणि बाबांची गाठ सोडायलाही पोरगा तयार नव्हता. शुक्रवारी तो माझ्यापाशी बसून निळी नाडी बोटाला गुंडाळत होता. काय करावं हे त्याला सुचत नव्हतं आणि मला तर बोलताही येत नव्हतं.

रविवार उजाडला. अंगण माणसांनी भरलं. मुलं रुमाल लावून मनोऱ्यापाशी उभी राहिली. पैलवान बिनरुमालाचा एका बाजूला उभा होता. त्याचे बाबा फाटकाजवळ, इस्त्रीच्या शर्टात. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी बटण दाबलं. वरून नुसती गुरगुर आली, मग जळका वास आला, आणि मग काहीच नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मोटारीने राम म्हटला होता. आज घंटेवाचूनच उपासना सुरू करू, असं ते हळू आवाजात म्हणाले आणि मंडळींचे चेहरे उतरले.

कंपाउंडरदादा म्हणाला की दोर आहे. मित्रांनो, हे शब्द ऐकून माझं काय झालं ते कसं सांगू? मुलांनी मला हॉलमधून खांद्यावर उचलून आणलं. दादाने मोटारीची वीज बंद केली, जिना चढून वरच्या फळ्यांवर गेला आणि मला घंटेच्या लोखंडी दांड्याला बांधलं. खाली मुलांनी माझं टोक धरलं आणि सगळ्यांनी मिळून ओढलं. घंटा एकदा वाजली. अंगणात टाळ्या पडल्या. घंटा झुलून परत गेली, मी ढिला पडलो, पुन्हा हिसका बसला आणि मी सुटलो! सगळाच्या सगळा वरून खाली आलो. अर्धा मुलांच्या डोक्यावर पडलो आणि उरलेला पाळकसाहेबांच्या गळ्यात, थेट हारासारखा.

झालं होतं असं, की दादाच्या हातांनी आयुष्यभर एकच गाठ मारली होती. घंटेच्या दांड्यालाही त्याने सवयीने सुरगाठच मारली. तो वरून डोकावला, कपाळाला हात लावला आणि हसायला लागला. मग सगळं अंगण हसलं. मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांनी वर गेलो आणि एका टोल्यात खाली, माझी अब्रूच गेली.

तेवढ्यात पैलवान पुढे आला.

"दादा, मी बांधतो," तो म्हणाला.

फाटकाजवळून त्याचे बाबाही बाह्या सरसावत निघाले होते. लेकाला जिन्याकडे जाताना पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले. पैलवान माझं टोक घेऊन वर पोचला, दादाने मला ओढून घेतलं आणि त्याला कमरेला घट्ट धरलं. पोराने मला दांड्याभोवती गुंडाळलं, टोक खालून घातलं, दातांवर दात दाबून ओढलं. मी ती पकड ओळखली. असं घट्ट मला मोटारीआधीच्या दिवसांतच कुणी बांधलं होतं. दोघं खाली आले. मुलांनी मला पुन्हा ओढलं.

घंटा वाजली. परत गेली, पुन्हा वाजली. पुन्हा वाजली! गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. माझा एकेक पेड ताणला होता आणि मी तसूभर हललो नाही. मुलं माझ्याबरोबर वर-खाली उड्या मारत होती. मंडळींत कुणीतरी रडत होतं, बहुतेक घंटावाल्या आजोबांची मुलगी. मी त्या दिवशी पोटभर घंटा वाजवली.

आवाज थांबला तेव्हा कंपाउंडरदादाने खिशातून पिवळा रुमाल काढला आणि पैलवानापुढे धरला. अंगणातल्या कुणाचीच हरकत नव्हती. हरकत घेतली ती पैलवानानेच.

"अजून माझी गाठ झाली नाही," तो म्हणाला.

त्याचे बाबा जवळ येऊन उकिडवे बसले. दादाने त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. बाबा लेकाला म्हणाले, "अरे वेड्या, ताडपत्रीला निरगाठ मारतो, कारण वाटेत सुटायला नको. पण घरी येताना तुझ्यासाठी पिशवी आणतो, तिला कुठली गाठ असते?"

ती पिशवी पैलवान दर वेळी दारातच उघडायचा, बाबांचे बूट निघायच्या आधी.

"एका हिसक्यात सुटते," तो म्हणाला.

"मग? तीपण माझीच गाठ."

पैलवानाने खिशातून निळी नाडी काढली. माझ्या खालच्या टोकाला, सतरंजीच्या तुकड्याच्या वर, ती बांधली. पहिल्यांदा चुकली. त्याने पुन्हा बांधली. मुलांनी ओढली, टिकली. मग पिटुकला पुढे आला. आधी त्याने आपल्या नखाकडे पाहिलं, मग पैलवानाकडे, आणि मोकळं टोक धरून ओढलं. नाडी सळ्ळकन सुटून त्याच्या हातात आली. मुलांनी असा जल्लोष केला की वर घंटेवर बसू पाहणारी कबुतरं उडून गेली. रुमाल पैलवानाच्या गळ्यात पडला, रांग सुरू झाली आणि तो तिच्यात सर्वांत पुढे चालला. बाबा फाटकाजवळ परत गेलेच नाहीत. रांगेच्या बाजूने चालत राहिले.

मोटार दुरुस्त करायची पुढे कुणालाच घाई वाटली नाही. तिला जळमटं लागली आहेत. मी हसत नाही, मीही धुळीत पडून राहिलो आहे.

आता दर रविवारी मुलं पाळीपाळीने मला ओढतात आणि दर शुक्रवारी माझ्या खालच्या टोकाला रंगीत नाड्या बांधतात. मित्रांनो, तुमच्याही अडगळीत माझ्यासारखं कुणी पडलं असेल. टाकून देण्याआधी एकदा झटकून उन्हात ठेवा आणि त्याला काय येतं ते बघा. आणि क्लबात कुणी आपलीच गाठ धरून बसणारं नवं पोर आलं, तर त्याला घालवू नका, बिस्किटं द्या आणि वाट बघा. वर मला पैलवानाची निरगाठ आहे, ती कुणाच्याने सुटत नाही. खाली मुलांच्या सुरगाठी आहेत, त्या शुक्रवारी संध्याकाळी एका हिसक्यात सुटतात आणि मुलं घरी पळतात.