एकदाच विचारलेला चहा

मी विमानातली चहाची ट्रॉली बोलतेय. दचकू नका. तुमच्या कोपराला, गुडघ्याला, वाटेत पसरलेल्या पायाला जिने आजवर धडका दिल्या, तीच मी. तेव्हा तुम्ही माझ्याकडे रागाने पाहिलंत आणि मला ढकलणाऱ्या मुलीने तुमची माफी मागितली. माझी कुणी मागितली नाही. असो.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, चार छोटी चाकं, पोटात खणांवर खण. मला मुद्दाम कृश घडवलं, कारण विमानातली मधली वाट मुळात अरुंद आणि तिच्या कडेला बसणाऱ्यांचे देह प्रशस्त. पायाशी दोन पेडल बसवली. तांबडं दाबलं की मी थांबते, हिरवं दाबलं की निघते. घडवणाऱ्याला वाटलं असेल की दोन्ही सारखीच वापरली जातील. माझ्या नोकरीत हिरवंच जास्त झिजलं.

नोकरी सिडनी ते पर्थची. जेवणानंतर निघायचं आणि सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जायचं, त्यामुळे त्या विमानात दुपार काही केल्या संपत नाही. या लांबलेल्या दुपारचं काय करावं हे कंपनीला सुचेना. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, चहा विकू या. साधा चहा नव्हे, ‘आफ्टरनून टी’. प्रत्येक सीटच्या खिशात एक चकचकीत कार्ड आलं. त्यावर चिनी मातीचा कप, गुलाबाचं फूल, तीन मजली ताटली आणि तिच्यावर सायीचे ढग.

प्रत्यक्षात माझ्या पोटात काय होतं म्हणता? पुठ्ठ्याचा डबा. त्यात एक गार स्कोन, म्हणजे गोडसर जाड पावच, अंगठ्याएवढी जॅमची डबी, तेवढंच क्रीम, आणि माझ्या डोक्यावरच्या स्टीलच्या किटलीतून कागदी कपात ओतलेला चहा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लोक डबा उघडायचे, आत बघायचे, मग कार्डावरचं चित्र बघायचे आणि पुन्हा आत बघायचे. एका म्हाताऱ्या मडमेने तर, कप कुठे आहेत, म्हणून माझ्या मागे वाकून पाहिलं होतं. खाणीवर कामाला निघालेले दांडगे गडी तेवढे बरे. ते दोन डबे घ्यायचे, ‘चिअर्स, मेट’ म्हणायचे आणि दोन घासांत संपवायचे.

इतकी वर्षं पाहून माझं एक मत झालं आहे. माणूस चहा विकत घेतो, पण त्याला हवा असतो पाहुणचार. कुणीतरी आपल्यापाशी थांबावं, चेहऱ्याकडे बघावं, ‘घ्या ना’ म्हणावं, एवढी आशा त्या डब्यात असते. ती आम्ही कधीच भरली नाही. आमचा नियम साधा होता. प्रत्येक रांगेला एकदाच विचारायचं, हो तर हो, नाही तर हिरवं पेडल.

मला मराठी कशी येते असं तुमच्या मनात आलं असेल. ती मी देवयानीकडून उचलली. देवयानी मिरजेची. सिडनीत शिकायला आली, पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, मिळाल्यावर राहिली आणि विमानात नोकरीला लागली. प्रवाशांशी ती इंग्रजी बोलायची, माझ्याशी मराठी. माझं पुढचं चाक अडलं की म्हणायची, ‘चल गं बये, आता तू तरी छळू नकोस.’ आयुष्यात मला मिळालेलं लाडाचं बोलणं म्हणाल तर तेवढंच.

त्या दुपारी मागच्या बाजूच्या एका रांगेत तिघं होती. खिडकीशी शाळकरी अनन्या, मध्ये तिची आजी सुमेधाकाकू आणि वाटेच्या कडेला अनन्याचे बाबा, गुरुदत्त. गुरुदत्त पुण्याहून आयटीतल्या नोकरीवर आला आणि सिडनीच्या केलीव्हिल उपनगरात घर घेऊन राहिला. माणूस वाईट नव्हता हो. आईचा पट्टा त्यानेच लावला, तिच्या गुडघ्यांवर शाल त्यानेच पसरली. वाईट असता तर मला हे सांगणं सोपं गेलं असतं.

‘आफ्टरनून टी?’ देवयानीने विचारलं.

‘टू, प्लीज,’ तो म्हणाला आणि आईकडे वळला. ‘आई, तुला?’

‘नको रे मला.’

‘शी’ज ऑलराइट, थँक्स,’ त्याने देवयानीला सांगितलं.

‘आजी नेव्हर वाँट्स एनिथिंग,’ अनन्या खिडकीतून नजर न काढता म्हणाली.

मराठी ऐकून देवयानी क्षणभर घुटमळली. पण मागच्या रांगा वाट बघत होत्या. तिने हिरवं दाबलं आणि मी निघाले. जाताना मी पाहिलं, काकूंची नजर किटलीवर होती. माझ्याबरोबर ती चार-पाच रांगा मागे आली.

थोड्या वेळाने काकू स्वतःच मागे गॅलीत आल्या. विमानाच्या शेपटाकडचं आमचं स्वयंपाकघर ते. मी तिथे भिंतीला लावून उभी होते. देवयानीच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून काकू सरळ मराठीतच बोलल्या.

‘पाय आखडले गं. इथे उभी राहिले तर चालेल का?’

‘राहा की काकू. चहा देऊ?’

‘नको गं, तुला कशाला त्रास.’

‘अर्धा कप तरी.’

‘नको, खरंच नको.’

‘काकू, मी पण घेणार आहे. एकटीने काय घ्यायचा?’

‘बरं बाई. तू म्हणतेस तर दे घोटभर.’

देवयानी हसली. किटलीतला चहा कपात ओतून तिने वर आणखी एक टी-बॅग पिळली, दुधाच्या डब्या दिसतील तेवढ्या फोडल्या आणि साखर सढळ हाताने घातली. ‘आलं नाही हं,’ म्हणाली. काकूंनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. घोटभर म्हणता म्हणता कप तळाला गेला.

चहा पोटात गेला की आपली माणसं बोलतात. काकू बोलल्या. त्यांचे यजमान गेल्यापासून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या. गुरुदत्तने बोलावून घेतलं, केलीव्हिलला काही महिने ठेवलं. आता त्यांचा व्हिसा संपत आला होता. जाण्याआधी आईला पर्थ दाखवून आणू, म्हणून ही तीन दिवसांची सहल. रविवारी पुण्याला परत.

‘कायमचं का नाही राहत काकू?’

काकू रिकाम्या कपात बघत राहिल्या. ‘त्याने विचारलं होतं गं. एकदा जेवताना म्हणाला, आई, तुझी इथे कायम राहण्याची फाइल टाकू का? मी म्हटलं, नको रे, तुमच्या संसारात मी कशाला मध्ये. म्हणजे असंच म्हणतो ना आपण पहिल्यांदा?’

‘मग?’

‘मग तो म्हणाला, नो वरीज आई. आणि भाजी वाढून घेतली. पुन्हा विषय नाही. मी वाट बघत होते. रोज जेवायला बसलं की वाटायचं, आज विचारेल.’

देवयानीने काकूंच्या हातातला रिकामा कप घेतला.

‘पण त्याचा दोष नाही गं,’ काकू घाईघाईने म्हणाल्या. ‘इथे सगळं सरळ असतं. हो म्हणजे हो, नको म्हणजे नको. इतक्या वर्षांत तो इथला होऊन गेला. आपलं हे नको-नको त्याला कळेनासंच झालंय. कळलं असतं तर विचारलं असतं त्याने.’

‘मग तुम्हीच सांगा ना त्यांना, मला राहायचंय म्हणून.’

‘असं कसं गं मागायचं? पोटच्या पोराकडे?’

आणि काकू पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. मला त्यांचं पटलं होतं. मुलगा आपली रीत विसरला, एवढ्या एका समजुतीवर त्या बाईने मन बांधून ठेवलं होतं. एकटीने दिवस काढायला माणसाला एवढं पुरतंही कदाचित.

पर्थ तासाभरावर आलं तेव्हा आम्ही रिकामे डबे गोळा करायला निघालो. किटलीत चहा उरला होता, नाहीतरी तो मोरीतच ओतायचा होता. त्यांच्या रांगेपाशी देवयानीने तांबडं पेडल दाबलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. आपली माणसं भेटली, जरा आपल्यासारखं विचारू, एवढंच.

‘चहा देऊ का अजून?’ तिने गुरुदत्तला मराठीत विचारलं.

‘अरे वा, तुम्ही मराठी! नको, नको, झाला माझा.’

‘घ्या की थोडा.’

‘नको हो, खरंच नको.’

‘अर्धा कप. उरलाच आहे.’

‘बरं,’ तो हसला आणि कप पुढे केला. ‘एवढा आग्रह करताय तर द्या.’

देवयानीने चहा ओतला. ओतता ओतता तिचं लक्ष काकूंकडे गेलं आणि किटली हातात तशीच राहिली. काकू मुलाच्या कपाकडे बघत होत्या. मी अगदी गुरुदत्तच्या खांद्याला लागून उभी होते. काकूंचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आणि मला धातूची असूनही कसंसंच झालं. तो काहीही विसरला नव्हता. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप पुढे करायचा, सगळं त्याला पाठ होतं. पाठ असणारच, ते त्याला त्याच्या आईनेच शिकवलेलं.

‘काकू, तुम्हाला?’ देवयानीने कसंबसं विचारलं.

‘हो. दे,’ काकू म्हणाल्या.

‘वा आई! आज पहिल्या झटक्यात हो?’ गुरुदत्त गमतीने म्हणाला.

काकूंनी भरलेला कप समोर ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले. ‘गुरू, मला राहायचं होतं रे.’

तो घोट घेता घेता थांबला. त्याने देवयानीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘आई, मी विचारलं होतं ना तुला? तू नको म्हणालीस.’

तेव्हा खिडकीतून नजर काढून अनन्या म्हणाली, ‘बट डॅड, यू सेड नको टू.’

‘दॅट्स डिफरंट, अनन्या.’

पोरीने खांदे उडवले आणि पुन्हा ढगांत बघायला लागली. गुरुदत्तने आईच्या गुडघ्यांवरची शाल नीट केली. मागून कुणीतरी पाणी मागितलं. देवयानीने हिरवं दाबलं.

उतरण्याआधीच्या फेरीत काकूंचा कप आम्ही परत घेतला. तो काठोकाठ भरलेला होता, वर साय धरलेली. गॅलीत आल्यावर देवयानी माझ्या दाराशी उकिडवी बसली आणि माझ्या चाकाकडे बघत म्हणाली, ‘मी कशाला आग्रह करायला गेले गं?’ मी काय सांगणार? चांगलं करायला गेलेल्या माणसाची समजूत कशी काढतात, ते मला कुणी शिकवलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा राग आला होता. एका म्हाताऱ्या बाईकडे एक खोटं होतं, ऊबदार होतं, तेवढंही आम्ही विमानातून उतरू दिलं नाही.

आता माझे दिवस भरले. पुढचं चाक कायमचं वाकडं झालं आहे. विमानतळामागच्या एका शेडमध्ये मी भिंतीकडे तोंड करून उभी असते. विमानात म्हणे आता चहा फोनवरून मागवतात. चित्रावर बोट ठेवायचं, डबा जागेवर येतो. आम्ही निदान एकदा तरी विचारत होतो. हा फोन तेवढंही विचारत नाही आणि लोकांना तेच सोयीचं वाटतं. नको म्हणणाऱ्यांचं त्या पडद्यावर काय होत असेल, कोण जाणे.

माझ्यासारख्या जुन्या ट्रॉल्या लोक हौसेने घरी नेतात आणि बाटल्या ठेवायला वापरतात असं ऐकते. मला नेणार असाल तर न्या, माझी काही अट नाही. गयावया करणंही माझ्या स्वभावात नाही. पण जाता जाता एका माणसाशी दोन शब्द बोलते, तुम्ही ऐकलंत तरी चालेल.

गुरुदत्त, ते रविवारचं विमान केव्हाच गेलं. कोथरूडला आता तुझी आई एका माणसापुरता चहा टाकत असेल. तिला फोन कर. ख्यालीखुशाली राहू दे, सरळ विचार, आई, येतेस का कायमची?

ती नको म्हणेल. तू पुन्हा विचार.