चाळीस शेअर आणि एक नदी

जाहिरातपत्रकाचा कागद इतका गुळगुळीत की बोट त्यावर ठरतच नव्हतं — गोळ्यांच्या पट्टीवरची तारीख पुसट झाली की दुकानात अंगठ्याने चोळून बघायचा, तसा तो ते चोळत बसला होता — आणि पांढऱ्यावर फिकट करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी'. बाकी सगळं चित्रच. मावळता सूर्य, पाणी, काठावर डोळे मिटून बसलेली एक बाई. काल त्याने हे बायकोच्या हातात दिलं, तेव्हा तिने दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली आणि कौतुकाने विचारलं, "छान आहे हो. कशाचं आहे?"

कशाचं आहे... हेच सांगायला तो आज कंपनीच्या सहाव्या मजल्यावर, भागधारकांच्या वार्षिक सभेत, तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. चाळीस शेअरांचा धनी! कॅमेऱ्याखाली पुस्तक धरलं की मोठ्याने वाचून दाखवणारं कंपनीचं ते सॉफ्टवेअर खपत नाही, म्हणून वर्षअखेरीला बंद करायचं, असं अहवालात तळाशी एका ओळीत छापलं होतं. आणि तो अहवाल घरी त्याच सॉफ्टवेअरने वाचून दाखवला होता — स्वतःच्याच मरणाची बातमी, एका शब्दाला न अडखळता. बायको ऐकून नुसती म्हणाली, "बिचारी."

बिचारी, कारण त्यातल्या आवाजाला ती धाकटी म्हणते. धाकटीला बोलव, धाकटी दमली असेल, तुमच्यापेक्षा धाकटी बरी. तीन वर्षांपूर्वी बायकोच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक डाग आला आणि पसरत गेला. आता कडेकडेने दाराची चौकट दिसते, त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. धाकटी आली नव्हती तेव्हा वर्षभर रोज दुपारी तोच तिला वाचून दाखवायचा. पण चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात डॉक्टरांची कोंबडीच्या पायांसारखी अक्षरं वाचलेला माणूस — काय, किती, जेवणाआधी की नंतर, एवढंच वाचायची डोळ्यांना सवय. कादंबरीतही तो तेच करी. नायिका रानातून निघाली की एका वाक्यात तिला घरी आणून सोडी. पान उलटताना दोन उलटत... उलटत नव्हती, मी उलटवत होतो.

मग लेकीने धाकटी आणून बसवली, आणि एके दिवशी तिने तीच कादंबरी पहिल्यापासून वाचली. तो आत चहा गाळत होता. बायकोने हाक मारली, "अहो, यात एक नदी आहे. चांगली पाच पानं आहे. तुम्ही मला सांगितलीच नाहीत." तो गाळणं हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, नवी आवृत्ती असेल. ती हसली नाही, चिडलीही नाही. त्यापेक्षा चार गोष्टी ऐकवल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात त्याने कंपनीचे शेअर घेतले. लेक म्हणाली, बाबा, हे काय खूळ? खूळ नाही गं, त्याला म्हणायचं होतं, हे प्रायश्चित्त आहे. पण असलं काही लेकीशी बोलायची त्याला सवय नव्हती.

"पुढचे वक्ते... काका, तुम्हीच. तीन मिनिटं हं," कंपनीची सचिव म्हणाली. तिच्यापुढे टेबलावर एक घंटी होती.

खिशातला कागद बाहेर काढेपर्यंत अर्धं मिनिट गेलं. "तुमचा माल चांगला आहे," तो म्हणाला, "पण तुम्ही तो विकताय कुणाला? माझ्या बायकोने काल या पत्रकावर बोटं फिरवून विचारलं, कशाचं आहे? ज्याला दिसत नाही त्याला तुम्ही सूर्यास्त दाखवताय." मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांच्या शेजारी जाहिरात विभागाची प्रमुख बसली होती, त्याच्या लेकीहून लहानच. ती खाली पत्रकाकडे बघायला लागली आणि त्याला वाईट वाटलं, कारण चित्र मन लावून काढवून घेतलेलं होतं हे कळत होतं. "माल आवाजाचा आहे, तर आवाजच ऐकवा. एक फोन नंबर ठेवा. फिरवला की त्या आवाजाने एक पान वाचावं, बस्स. तो नंबर डोळ्यांच्या दवाखान्यात, बाकड्यांसमोर लावा, ताटाएवढ्या आकड्यांत. आणि औषधांच्या दुकानात लावा. नजर जायला लागली हे माणूस घरी आधी सांगत नाही हो, दुकानात सांगतो. बाटली पुढे करतो आणि म्हणतो, चष्मा विसरलो, जरा वाचता का? रोज विसरतो. अशी माणसं मी..."

अशी माणसं मी चाळीस वर्षं पाहिली, आणि माझ्याच घरात बायको चष्मा विसरायला लागली तेव्हा मला वाटलं, वय झालं... घंटी वाजली. पण तो थांबला होता तो घंटीमुळे नाही. काल कच्चा मजकूर लिहिताना हात भरात असताना एक वाक्य असंच उतरलं होतं, आणि त्याने ते लगेच खोडलं होतं. पक्क्या कागदावर ते नव्हतंच, तरी आत्ता ते बरोबर जिभेवर येऊन बसलं. "एवढंच," तो म्हणाला आणि खाली बसला.

"विचार करू, काका. पुढच्या महिन्यात निर्णय घेऊ," अध्यक्ष म्हणाले. लिफ्टपाशी जाहिरातवाली मुलगी धावत आली, पत्रक तिच्या हातात होतं. तिने तिथेच डोळे मिटले, कागदावर बोटं फिरवली आणि ओशाळून म्हणाली, "काहीच नाहीये यात." त्याला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. "काकूंना काय वाचलेलं आवडतं?" तिने विचारलं.

"वर्णनं," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. बायकोने धाकटीला थांबवलं आणि त्याच्या पावलांच्या दिशेने मान वळवली. "काय म्हणाले?"

"विचार करू म्हणाले."

"म्हणजे नाही म्हणाले नाहीत." तिने एक कागद पुढे केला — कालचा कच्चा मजकूर, त्याच्याच हातचा. "तुम्ही गेल्यावर हे धाकटीपुढे धरलं. तीनदा म्हणाली, मजकूर ओळखता येत नाही. तुमचं अक्षर देवालाही लागायचं नाही. घ्या, वाचा. मलाही कळू दे, काय भाषण ठोकलंत ते."

तो वाचू लागला. सूर्यास्त, फोन नंबर, दवाखान्यातली बाकडी. ती मध्येच हसली, चष्मा विसरणाऱ्या माणसांपाशी गप्प झाली. आपण स्वल्पविरामाला थांबतोय, धाकटीसारखं, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि मग ती खोडलेली ओळ आली. दोन रेघा मारल्या होत्या, तरी अक्षरन् अक्षर दिसत होतं: 'खरं सांगायचं तर ती बंद पडली तर मला थोडं बरं वाटेल, कारण मग दुपारी तू मला हाक मारशील.' भागधारकांच्या सभेसाठी लिहायला बसलो आणि 'तू' लिहून गेलो... गाळली तर तिला कळणार नव्हतं. पुढची ओळ सरळ होती, 'आपला विश्वासू'. एका उडीत घरी. तिची धाकटी जगावी असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि हेही तितकंच मनापासून वाटत होतं, आणि दोन्हींना जागा असेल एवढं आपलं मन मोठं आहे की नुसतंच पसारा झालेलं, हे त्याला सांगता आलं नसतं.

"का थांबलात?" तिने विचारलं. "संपलं?"

"नाही," तो म्हणाला. "इथे... इथे एक नदी आहे."

तिने पाय खुर्चीवर वर घेतले आणि ऐकायला बसली.