खांद्याचं माप

फ्रॉक जुन्या चादरीत बांधून अस्तराच्या गठ्ठ्यांमागे कोंबले होते. मी स्टुलावर चढून बोचकं खाली ओढलं आणि कापायच्या टेबलावर सोडलं. दुकानात कोणी नव्हतं. मुलगा जेवून बाहेर गेला होता, कुठे ते न सांगता. हल्ली रोज जायचा तसा.

एकही फ्रॉक दुसऱ्याच्या मापाचा नव्हता. सगळ्यात वरचा माझ्या नातीला होईल न होईल एवढा. त्याखालचा जरा मोठा. मग आणखी मोठा. तळाचा तर चांगल्या वाढलेल्या पोरीचा. सगळ्यांना आतून दुहेरी शिलाई, आणि काजं हातानं केलेली. गिऱ्हाइकाला आम्ही मशीनचं काज देतो. हाताचं काज फक्त घरच्यांसाठी.

घरच्यांसाठी! मी मटकन स्टुलावर बसले. म्हणजे या बाबाचं दुसरं घर आहे. कोणीतरी बाई गाठली आहे, तिला ओळीनं पोरी आहेत, आणि हा माझ्या छताखाली बसून त्यांचे फ्रॉक शिवतो.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. पूर्वी मी टोचून बोलले की फणकारायचा, कात्री आपटायचा. गेले काही महिने नुसतं 'हो' म्हणायचा. "काज वाकडं आलंय." "हो." "तुझ्या बापानं असलं काम गिऱ्हाइकाला दाखवलं नसतं." "हो." मला तेव्हाच कळायला हवं होतं. उलट उत्तर न देणारा मुलगा म्हणजे आत काहीतरी शिजतंय. सून दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते. ती म्हणाली होती, "आई, यांना झोप लागत नाही हो." मी म्हटलं होतं, "पायमशीन चालवणाऱ्याला झोप लागते. इकडेतिकडे फिरणाऱ्याला नाही."

नवरा गेल्यावर हे दुकान मी ओढलं. शाळा जेमतेम चार यत्ता, पण माझ्यापासून कोणी काही लपवलं आणि ते लपून राहिलं, असं या घरात तोवर झालं नव्हतं. बोचकं बांधलं, काखेत मारलं आणि बटणवाल्याकडे निघाले. मुलगा दुपारी तिथे बसतो, हे मला समोरच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं होतं. बटणवाला एकटा माणूस. असल्या कामात मध्यस्थी करायला असलीच माणसं लागतात.

त्याचं दुकान म्हणजे भिंतभर खण, आणि प्रत्येक खणावर आत काय आहे ते कळावं म्हणून एकेक बटण शिवलेलं. तो एकटाच होता.

"या काकू. आत्ताच गेला तो. चहा मागवू?"

"चहा राहू दे. त्या बाईचं घर सांग."

"कुठली बाई?"

"सोंग नको करूस. माझा मुलगा दुपारभर इथे असतो. शटर अर्धं खाली. काय बटणं मोजता दोघं?"

"बसतो तो. फारसं बोलत नाही. मग मीही बोलत नाही."

"दोन बाप्ये शटर ओढून गप्प बसतात, आणि मी ते खरं मानायचं? माझे केस काय उन्हानं पांढरे..." आणि तिथेच मी थांबले. त्याच्या मागच्या फळीवर कात्री होती. माझ्या नवऱ्याची. काळ्या मुठीची, अंगठ्याच्या जागी झिजलेली. आमच्या घरात त्या कात्रीला सुनेनंही कधी हात लावला नव्हता.

"ही इथे कशी आली?"

"त्यानंच आणून दिली. म्हणाला, तुमच्याकडे राहू दे, तुम्ही जपाल."

"विकली म्हण की सरळ."

"नाही हो काकू. विकत कशाला घेईन मी?"

"मग हे काय आहे ते सांग!" मी बोचकं त्याच्या काउंटरवर उपडं केलं. एक फ्रॉक दोन्ही खांद्यांना धरून त्याच्या नाकासमोर नाचवला. "या पोरी कोणाच्या?"

आणि माझाच हात खाली आला.

डावा खांदा बोटभर उतरता कापला होता. मी दुसरा उचलला. डावा खांदा उतरता. तिसरा. तळातला, सगळ्यात मोठा. सगळ्यांचा डावा खांदा उतरता. आमची नात लहानपणी जिन्यावरून पडली, तेव्हा तिच्या खांद्याचं हाड मोडलं आणि जुळलं ते जरा खाली. शिडी म्हणते मी तिला, उंचीमुळे. तिचा प्रत्येक फ्रॉक असाच कापावा लागतो, नाहीतर गळा एका बाजूला ओढतो.

त्या पोरी वेगवेगळ्या नव्हत्या. ती एकच पोर होती.

"हे सगळे तिचेच आहेत," मी म्हणाले. "यंदाचा, पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढचा..." मग मला राग आला. राग आला की मला बरं वाटतं. "म्हणजे हा निघालाय कुठेतरी! परगावी नोकरी बघितली असेल. आम्हाला टाकून चाललाय."

बटणवाल्यानं फ्रॉकवरून हात फिरवला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काकू, परगावी जाणारा माणूस अधूनमधून येतो. आला की माप घेतो."

मी तळातला, सगळ्यात मोठा फ्रॉक परत हातात घेतला.

"मी माझी सायकल भाच्याला देऊन टाकली होती," तो म्हणाला. "माशांची काचेची पेटी शेजारणीला. सगळे म्हणाले, केवढं मोठं मन. एकट्या बहिणीला संशय आला. तिनं मला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, दादा, जीव द्यायचा विचार करतोयस का?"

"असलं तोंडातून काढतात? नसलेलं डोक्यात घालायचं?"

"ते डोक्यात आधीपासूनच होतं काकू. फक्त त्याच्याबरोबर मी एकटा होतो. तिनं विचारलं, मग आम्ही दोघं झालो."

"आणि मग समजावलं असेल तुला."

"नाही. समजावणारे पुष्कळ होते. तुला काय कमी आहे, घरच्यांकडे बघ. ते ऐकलं की वाटायचं, एवढं सगळं असून मला जगावंसं वाटत नाही, म्हणजे मी किती नालायक. ती ऐकत बसली नुसती. मग म्हणाली, आज तुला एकटं सोडत नाही, आणि आपण डॉक्टरकडे जायचं. गेलो. अजूनही जातो."

मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. इतकी वर्षं याच्याकडून बटणं घेते, कधी काही कळलं नव्हतं. "वेडाच्या डॉक्टरकडे?"

"तुम्ही काहीही म्हणा. मी गोळी घेतो आणि बटणं विकतो."

"मग तू का नाही विचारलंस माझ्या मुलाला? दुपारभर बसवून घेतोस ना?"

"कात्री आणली तेव्हाच विचारायला हवं होतं. आज विचारू, उद्या विचारू, करत राहिलो." तो उठला आणि शटरची काठी घेतली. "चला, मी येतो."

"मी विचारेन. माझ्या पोटचा आहे."

"विचारायला तुम्हाला जमेल काकू. तुमच्यासारखं सरळ बोलणारं कोण आहे? अवघड आहे ते पुढचं. पुढे गप्प बसायचं असतं."

तरी तो आलाच. आमच्या दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसला.

मुलगा टेबलाशी उभा होता. समोर खाकी कापड पसरलेलं, हातात खडू. मी बोचकं टेबलाच्या कडेला ठेवलं. त्यानं चादर ओळखली, पण मान वर केली नाही. रेघ ओढत राहिला.

"जीव द्यायचा विचार करतोयस का?" मी विचारलं.

रेघ कापडावरून पुढे गेली, कापड संपलं, तरी लाकडावर थोडी गेली.

"हो," तो म्हणाला.

तेच 'हो'. काज वाकडं आल्यावर म्हणायचा तेच.

माझं तोंड भरून आलं. माझा नवरा गेला तेव्हा तू एवढासा होतास, मी मेले का? पोरगी आहे पदरात, बायको आहे, लाज नाही वाटत? सगळं जिभेवर ओळीनं उभं होतं. मी मशीनवरची टाचण्यांची उशी ओढली, मूठभर टाचण्या उपटल्या आणि ओठांत धरल्या. शिवणाऱ्या बाईला ही सवय असते. टाचण्या ओठांत असल्या की बोलता येत नाही. बोललं की टोचतं.

तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग थांबेचना. सकाळी जाग येते तेव्हा ओल्या कापडाचा गठ्ठा अंगावर टाकल्यासारखं वाटतं. उचलवत नाही. कात्री हातात घेतली की हे कशाला, असं वाटतं. "कारण विचारू नकोस आई. मी पण शोधतोय, सापडत नाही. वाटतं, मी नसलो तर तुम्हाला सोपं जाईल. फक्त शिडीचे फ्रॉक... बाहेरचा माणूस तिचा खांदा चुकवेल."

मला टाचणी टोचली. मी ओठ घट्ट केले.

तेच तेच पुन्हा सांगत होता. मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून होते. एकदा थांबला आणि माझ्याकडे संशयानं बघायला लागला.

"तू काहीच कसं बोलत नाहीस?"

मी टाचण्या हातात काढल्या. "ऐकतेय. बोल." आणि परत ओठांत धरल्या.

तो त्या टाचण्यांकडे बघत राहिला. मग खाकी कापडावर डोकं टेकलं आणि रडला. हसला असेल आधी थोडं. मला सांगता येत नाही. मी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी तापात ठेवायचे तसा.

"आज तुला एकटं सोडत नाही," मी म्हणाले. हे बटणवाल्याच्या बहिणीचं वाक्य. माझ्याजवळ असलं वाक्य नव्हतं.

सुनेला फोन करून बोलावलं. ती आल्या आल्या म्हणाली, "मला मनातून वाटत होतं आई. विचारायची हिंमत झाली नाही." तिलाही मी टाकून बोलले नाही. एका दिवसात दोनदा तोंड मिटलं, हे माझ्या नातेवाइकांना सांगितलं तर कोणी मानणार नाही. तिच्या दवाखान्यात या कामाचे डॉक्टर बसतात. त्याच संध्याकाळी आम्ही चौघं गेलो, बटणवाला धरून.

पुढचं लगेच गोड झालं नाही. गोळ्या बदलाव्या लागल्या. काही दिवस तो नुसता भिंतीकडे बघत बसायचा, आणि मी त्याच्याकडे. एकदा शीळ घालत दुकानात आला, तर मला त्याचाच संशय. शीळ कशाला घालतोय हा? मी कापड सोडून त्याच्यामागे उभी. "आई, गाणं डोक्यात आलं म्हणून घालतोय," म्हणाला. चहा दिला की मी विचारते, "आहे का आज ते जीव द्यायचं डोक्यात?" तो सांगतो. कधी "आहे जरासं." कधी "आज नाही." 'नाही' म्हणाला की मी त्याचा चेहरा बघून घेते. मी भोळी नाही.

कात्री त्यानं एके दिवशी स्वतःच परत आणली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलले असते.

शाळा परत सुरू व्हायच्या आधी शिडीला बोचक्यातला दुसरा फ्रॉक घातला, पुढच्या वर्षीचा म्हणून शिवलेला तो. फ्रॉक गुडघ्याच्या बराच वर राहिला. पोरगी वर्षात ताडमाड वाढली होती. खांदासुद्धा नीट बसेना. हाड वाढताना थोडं वर आलं होतं. ती आरशासमोर वळून वळून बघत होती. "बाबा, हा कोणाचा फ्रॉक आहे?"

मुलगा दारात उभा राहून बघत होता.

"अंदाज चुकला," तो म्हणाला.

त्यानं गळ्यातली टेप काढली आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "नीट उभी राहा. हात सोड. खांदा ढिला."

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी उशी जवळ ओढली आणि टाचण्या ओठांत धरल्या.