सोजराबाईंच्या कमरेची जागा

मी वडगाव रासाईच्या सोजराबाईंची मिश्रीची डबी बोलतेय. वय सेहेचाळीस, अंगानं गोल, झाकण जरा सैल. पण बाईंच्या कमरेला खोचलेल्या पिशवीत माझा काय रुबाब होता! सकाळी चहाच्या आधी माझा मान.

दर आठवड्याला बाई तव्यावर तंबाखू जाळायच्या. काळी झाली की चुरून माझ्या पोटात. घरभर धूर, सगळी खोकायची आणि मी आपली मिरवायची.

सून प्राची शिक्रापूरच्या कंपनीत कामाला. दिवस गेले तसं मळमळतं म्हणून तीही माझ्यात बोट बुडवायला लागली. मला वाटलं, चला, अजून भाव आहे आपल्याला!

सातव्या महिन्यात आशाताई स्नेहल घरी आली, तेव्हा तवा चुलीवरच होता.

"मावशी, घरात कोणी विडी-सिगारेट?"

"आमचं म्हातारं वढतंय. आम्ही बायका कुठं गं विडी वढतोय!"

"मग हा धूर कशाचा?"

"दात घासायची मिश्री हाय ती."

"तंबाखूच की ती! पोटातल्या बाळाला पोचती. आन् तंबाखूच्या धुरात बाळ झोपेतच दगावायचा धोका वाढतो. रडत न्हाई, काय न्हाई, उठतच न्हाई."

बाई हळूच म्हणाल्या, "माझं पयलं असंच गेलं. दीड महिन्याचं. सगळी म्हणली, दृष्ट लागली. माझ्यामुळं गेलं का गं?"

तेव्हाही मी त्यांच्या कमरेलाच होते.

"ते आता कुणालाच सांगता यायचं न्हाई, मावशी. पण ह्या बाळाचं बरंच आपल्या हातात हाय."

बाईंनी उठून तवा उकिरड्यावर रिकामा केला. मला राखेनं घासलं. प्राचीला म्हणाल्या, "तू सोड, मी बी सोडते. बघू आधी कोण रडतंय."

दोघीही रडल्या. बाईंचं डोकं ठणकायचं, हात सवयीनं कमरेला जायचा आणि मोकळाच परत यायचा. पण माघार कुणी घेतली नाही. माझ्यासारखी देखणी सोडली, राग यायला हवा होता. मला बाईंचा अभिमानच वाटला.

प्राचीला मुलगी झाली. बाईंचे मालक कोंडिबा विडी घेऊन उंबऱ्याबाहेर बसले, तर तिथंही बाई हजर. "हितं न्हाई, पार उसाच्या पल्याड. आन् अंघोळ केल्याबिगर बाळाला हात लावायचा न्हाई." दिवसाला चार अंघोळी करून म्हाताऱ्याला सर्दी झाली. विड्या आपोआप दोनावर आल्या!

नात आता पाच महिन्यांची आहे. स्नेहलनं सांगितलं तसं तिला पाठीवर, उताणी निजवतात. ती झोपली की बाई छातीवर अलगद हात ठेवतात. श्वास हाताला लागला की मगच भाकऱ्यांना बसतात.

मी फळीवर, रिकामी. परवा प्राचीनं विचारलं, "आत्या, ह्यात बाळाचं काजळ ठेवू का?"

बाईंनी मला हुंगलं. "नगं. अजून वास येतोय."

खरंय, मुरलेली आहे मी. म्हणून सांगते, मला परत भरू नका. माझी जागा गेली त्याचं वाईट नाही वाटत. त्या कमरेवर आता नात बसते.