पडवीतली भूमिती

सन १९३२. रत्नागिरीच्या खालच्या आळीत कार्तिकातली ती सकाळ रोजच्यासारखीच उजाडली. विहिरीवर रहाट कुरकुरत होता, खळ्यात सुपाऱ्या वाळत पडल्या होत्या. सून सगुणा घागर खाली ठेवून, मान न उचलता म्हणाली, "सासूबाई, मी बाहेर बसत्ये."

गोदाकाकूंची ताकातली रवी थांबली. "परत? कोजागिरीला तर न्हालीस ना गो तू?"

"झालंय खरं," सगुणा पुटपुटली आणि मागच्या पडवीत जाऊन घोंगडीवर बसली. सासूची नजर पडवीच्या दारापर्यंत तिच्यामागे गेली.

सगुणा खोटे बोलत होती. इंग्रजी सहावीत ती गणितात पहिली आली आणि त्याच वैशाखात तिचे लग्न झाले. नवरा रघुनाथ बी.ए. झालेला, मुंबईला कचेरीत कारकून. "घरी बसून मॅट्रिक हो, मग तुला मुंबईला नेतो," असे त्याने वचन दिले होते. वचन द्यायला त्याचे काय जात होते? पाणी, दळण, धुणी आणि सोवळ्याचा स्वयंपाक यांतून बीजगणिताला वेळ कुठला काढायचा, ते या विद्वानाने सांगितले नव्हते.

वेळ दिला तो विटाळाने. महिन्यातले ते चार दिवस तिला कुणी हाक मारीत नसे, कामाला लावीत नसे. भाताचे पान दुरून सरकवले की झाले. इंग्रजी पुस्तकांना गोदाकाकूंच्या लेखी मुळातच सोवळे नव्हते, त्यामुळे ती खुशाल पडवीत पडून असत. अशा दिवसांत सगुणाने सारी समीकरणे संपवली. पण भूमितीत सिद्धांत घोकून भागत नाही. त्यांवर बेतलेली कूट उदाहरणे, ज्यांना शाळेत रायडर म्हणत, ती स्वतःच्या डोक्याने सोडवावी लागतात, आणि एकेक रायडर अर्धा दिवस खाते. वर्तुळाचे प्रकरण अख्खे राहिले होते, परीक्षा मार्चात होती. चार दिवस पुरेनात, तेव्हा तिने महिन्याचे आठ केले.

गणितातल्या या हुशार मुलीच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. दिवस सासूही मोजत होती. गोदाकाकूंना नातू हवा होता.

पंधरवड्याने आप्पा वैद्य आले. विटाळशीची नाडी कशी धरायची, म्हणून त्यांनी ती धरलीच नाही. ओसरीवरूनच दोन प्रश्न विचारले, डोळे मिटले आणि म्हणाले, "उष्णता आहे हो पोटात. मूल राहणं कठीण." दिवसातून तीनदा घ्यायची एक काळी मात्रा त्यांनी लिहून दिली.

सगुणाने ती घेतली. खोटे कबूल केले तर पडवीतले दिवस जातील, म्हणून नसलेल्या दुखण्यावरचे औषध ती गिळत राहिली. मार्गशीर्षात त्या मात्रेने तिचे जेवण तुटले. पौषात ओकाऱ्या सुरू झाल्या. पुढे पुढे हात इतका कापू लागला की कंपास एका जागी ठरेना. न झालेले दुखणे आता खरोखरच तिच्या अंगात शिरले होते.

फाल्गुन लागला आणि आंजर्ल्याचे महिपतराव आपल्या चौदा वर्षांच्या मुलीची पत्रिका घेऊन आले. रघुनाथही आदल्या दिवशीच्या बोटीने आला होता, आईने बोलावून घेतले म्हणून. ओसरीवरचे बोलणे पडवीत स्वच्छ ऐकू येत होते.

"पहिलीचं काय करणार?" महिपतरावांनी विचारले.

"राहील की घरात," गोदाकाकू म्हणाल्या. "कामाला हवीच आहे."

सगुणा उठली आणि सरळ ओसरीच्या दारात येऊन उभी राहिली. "मला काही दुखणं नाही. मी महिन्यातून दुसऱ्यांदा खोटंच बसत होत्ये. अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून."

गोदाकाकू पांढऱ्याफटक पडल्या. "म्हणजे खरी असशील तेव्हा घरभर फिरलीस की काय? देवांना शिवलीस?"

"नाही हो, सासूबाई."

"तुझं आता काय खरं धरायचं गो?" त्यांचा आवाज चिरकला. ती माउली खरोखरच घाबरली होती.

रघुनाथने बायकोला बाजूला बोलावले. "सगुणा, आईच्या पाया पड. पुस्तकं बंबात घाल. आंजर्ल्याचं मी मोडतो."

परीक्षेला अठरा दिवस उरले होते. सगुणा पडवीत परतली, मात्रेची वाटी तिने केळीच्या बुंध्यात ओतली आणि घोंगडीवर मांडी घातली.

"मी बसल्ये," ती म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी उठेन. पुस्तक हवं त्यानं येऊन घ्यावं."

"रघू, ओढून घे तिच्या हातातलं!" गोदाकाकू ओरडल्या.

रघुनाथ उंबऱ्यापर्यंत गेला. मुंबईत इराण्याकडे चहा पिणारा, मित्रांत सुधारणेवर तासतास बोलणारा हा गृहस्थ. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आई, आत्ताच आंघोळ झाल्ये माझी."

अठरा दिवस त्या घरातले कुणीही तिला शिवले नाही. परीक्षेच्या सकाळी ती न्हाली आणि मागच्या बाजूने एकटी निघून गेली. पहिल्या दिवशीच्या भूमितीच्या पेपरात वर्तुळावरचे रायडर आले होते. तिची वर्तुळे वाकडी आली, सिद्धता मात्र बिनचूक होती. संध्याकाळी ती परतली तेव्हा पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांना आतून कडी होती आणि आत जात्यावर लग्नाची हळद दळली जात होती. तिने दोनदा हाक मारली. जाते थांबले नाही.

ती पास झाली का, असे वाचक विचारतील. जरूर विचारा. पण त्याआधी उठून आपल्या स्वयंपाकघरात जा आणि तिथे जी कुणी असेल तिला विचारा, की बाई गं, विटाळाचे दिवस सोडले तर तुझा असा तास कोणता? आणि ती उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.